दर मीटरला एक माणूस

बदलापूरच्या मांजर्लीत राहणारा आणि सीएसएमटीजवळच्या एखाद्या ऑफिसात काम करणारा माणूस घेऊ. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, जाऊन-येऊन १३६. वर्षाला कामाचे २८० दिवस धरले तर हा माणूस वर्षाकाठी ३८,०८० किलोमीटर प्रवास करतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे बदलापूर पश्चिमेचा चाकरमानी दर वर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा घालतो, आणि तीही बऱ्याचदा उभ्याने. नोकरीची तीस वर्षं झाली की हिशेब ११ लाख ४२ हजार किलोमीटरवर जातो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. तेवढ्या प्रवासात चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्राच्या जवळपास पोचता येईल.

वेळेचंही तेच. एका फेरीला लोकलमधला दीड तास धरू. स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि फलाटावर ताटकळणं सोडून दिलं, तरी वर्षाचे ८४० तास होतात. चोवीस तासांचा एक, असे ३५ अख्खे दिवस. तीस वर्षांत १,०५० दिवस. पावणेतीन वर्षांहून जास्त काळ, रात्रंदिवस, डब्यात. एवढ्या काळात मूल जन्माला येऊन घडाघडा बोलायला लागतं.

हे एकाचं झालं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. या सगळ्यांना फक्त एक मिनिट उशीर झाला, तर ७५ लाख मिनिटं, म्हणजे सव्वा लाख तास, म्हणजे माणसाच्या आयुष्याची १४ वर्षं जातात. एका मिनिटात चौदा वर्षं. उलटीकडून पाहिलं, तर लोकलचा प्रवास नुसता एक मिनिटाने कमी झाला तर शहराच्या पदरात रोज तेवढीच वर्षं पडतात. यंत्राची ताकद ही अशी असते, आणि ती मला मनापासून थक्क करते. लोकल नसती तर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या लाखो घरांत आजची चूल पेटली नसती, मुलं शिकली नसती. रेल्वेला शिव्या घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिने काय दिलं त्याचे आकडे आपण मिनिटामिनिटाने मोजतो. काय घेतलं त्याचे आकडे मोजताना मात्र हात सैल का पडतो, हा माझा प्रश्न आहे.

बदलापूरवरून आगगाडी पहिल्यांदा गेली ती १८५६ साली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून घाटाच्या पायथ्याला, खोपोलीपर्यंत, रूळ तयार झाले. तीन वर्षांत एवढी मजल. पलीकडे खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधे उरला बोरघाट. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. गाडीच्या वेगाची चटक लागलेल्यांना हे मधलं अंतर खुपणं साहजिक होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते भरून काढायचं ठरवलं.

घाटातल्या त्या चढाची मापं आजही उपलब्ध आहेत, आणि ती किती नेमकी आहेत पाहा. लांबी १५ मैल आणि ६८ साखळ्या. साखळी म्हणजे मोजणीदारांची ६६ फुटांची. चढ १,८३१ फूट. १,८३० नव्हे, १,८३१. बोगदे २५. सगळ्यात खडा उतार ३७ फुटांना १ फूट. कामावरच्या माणसांची संख्या १८६१ च्या जानेवारीत सर्वाधिक होती, ४२,०००. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे.

आणि मेलेली माणसं? इतिहासकारांचा अंदाज सुमारे २५,०००. अंदाज, आणि सुमारे.

१५ मैल ६८ साखळ्या म्हणजे साडेपंचवीस किलोमीटर, म्हणजे साडेपंचवीस हजार मीटर. आता भागाकार करा. दर मीटर रुळामागे एक माणूस. पुण्याची गाडी कर्जत सोडून घाट चढू लागते तेव्हा आपण खिडकीतून धबधबे बघतो, मुलांना बोगदे मोजायला लावतो. एकेका डब्याची लांबी वीस मीटरच्या वर असते. एक डबा जेवढ्या रुळावर उभा राहतो, तेवढ्या रुळाखाली वीसेक माणसांचं मरण आहे.

ही माणसं कोण होती? घाटाखालून आणि घाटावरून, दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेले मजूर. बायकापोरांसकट आलेली कुटुंबं. वडार, कुणबी, महार, मांग आणि आणखी कितीतरी जातींची. बोगद्यासाठी जागा करायची तर उभ्या कड्यावर आधी पाय ठेवायला जागा नसे. माणसाला दोराने खाली सोडत आणि तो लोंबकळत पहारीने भोक पाडून त्यात दारू ठासे. पण दोर तुटून किंवा सुरुंगात जितके गेले, त्याहून कितीतरी जास्त रोगाने गेले. डोंगरावरच्या गवताच्या झोपड्या, हजारो माणसांना एकच पाण्याची जागा, मग पटकी. यंत्रयुगाने इतकी माणसं एका जागी इतक्या झपाट्याने गोळा केली, की त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा विचार मागेच राहिला. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांत आजाराने गेला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट हाती घेऊन पुरं केलं. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली १८६२ मध्ये वारला, गाडी घाट चढण्याच्या काही महिने आधी. मरणाने साहेबांनाही सोडलं नाही. फरक एवढाच, की त्यांची नावं मी आज इथे लिहू शकतो.

याच काळातला इंग्लंडमधला एक बोगदा आठवतो. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला वुडहेडचा बोगदा, १८३९ ते १८४५. तिथे ३२ मजूर मेले. एडविन चॅडविक या सुधारकाने त्यांची टक्केवारी काढली आणि दाखवलं की वॉटर्लूच्या लढाईत इंग्रज सैनिक मरण्याचं प्रमाण याहून कमी होतं. खळबळ उडाली, आणि १८४६ मध्ये रेल्वेमजुरांच्या स्थितीवर पार्लमेंटची समिती बसली. ३२ माणसांवर समिती बसली. बोरघाटात २५,००० गेली आणि धड यादी झाली नाही. तेच यंत्र, तेच भांडवल, तिकडूनच आलेले इंजिनियर. समुद्र ओलांडल्यावर माणसाची किंमत तेवढी बदलली.

इथे कुणी म्हणेल, ती गुलामगिरीच्या काळातली गोष्ट. म्हणून आता आपल्या काळात येऊ, आणि मार्गही तोच ठेवू.

मुंबईच्या लोकलबाबत उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिच्या सुनावणीत न्यायालयाने प्रवाशांना जनावरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा अर्थाचे शब्द वापरले. त्याच प्रकरणात रेल्वेने सुमारे वीस वर्षांतल्या मृत्यूंचे आकडे सादर केले. मध्य रेल्वे २९,३२१. पश्चिम रेल्वे २२,४८१. एकूण ५१,८०२.

हा आकडा एका दमात वाचला की काहीच कळत नाही. म्हणून तो लोकलच्या मापाने मोजू. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत साडेचार ते पाच हजार माणसं असतात. रेल्वेच्या तांत्रिक भाषेत या गर्दीला स्वतंत्र नाव आहे, आणि तिचं प्रमाण दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं असं सांगितलं जातं. घरात जमिनीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा आणि त्यात सोळा माणसं उभी करून पाहा. अशा खच्चून भरलेल्या दहा लोकल, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत. वीस वर्षांत तेवढी माणसं गेली.

रोजची सरासरी सात. बोरघाटातली २५,००० माणसं सात-आठ वर्षांवर पसरली तर ती सरासरी रोज साडेआठ ते पावणेदहा येते. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ पुढे लिहू शकलो नाही. दोन्ही सारखे नाहीत, हे मला माहीत आहे. तिकडे ४२ हजार मजूर होते, इकडे ७५ लाख प्रवास आहेत, धोका कितीतरी पटींनी कमी झाला आहे. पण रोज संध्याकाळी ज्या घरी माणूस परतत नाही, त्या घरांची संख्या जवळपास तीच आहे.

"धोका किती?" हाही हिशेब करून टाकू, कारण याच हिशेबाच्या आडोशाला सगळं झाकलं जातं. सात मृत्यू, ७५ लाख प्रवास. म्हणजे दहा लाखांहून जास्त फेऱ्यांत एक. इतकी क्षुल्लक शक्यता, की कुणीही सुज्ञ माणूस ती डोक्यात घेणार नाही. आता मरणाऱ्यांतून रूळ ओलांडताना गेलेले वगळू, आजाराने गेलेले वगळू, फक्त धावत्या गाडीतून पडलेले घेऊ. २०२४ मध्ये ते सुमारे ५७० होते. म्हणजे जवळपास ४८ लाख फेऱ्यांत एक. आणखी क्षुल्लक. पण मांजर्लीचा माणूस एकच फेरी करत नाही. वर्षाला ५६० आणि तीस वर्षांत १६,८०० फेऱ्या करतो. भागाकार केला तर २८६ जणांत एक. आणि गर्दीच्या वेळी एका डब्यात किती माणसं असतात? पावणेचारशे ते चारशेच्या थोडं वर.

हा ढोबळ हिशेब आहे. पहिल्या स्टेशनावर बसायला मिळालेल्याचा धोका कमी, दारात लटकणाऱ्याचा जास्त. तरी सरासरीने अर्थ एवढाच निघतो, की सकाळच्या गाडीतला कुठलाही एक डबा घ्या आणि त्यातल्या सगळ्यांनी आयुष्यभर असाच प्रवास केला असं धरा, तर त्यांच्यातलं एक तरी माणूस निवृत्तीच्या आत गाडीतून पडून मरणार. एका फेरीला क्षुल्लक, एका आयुष्याला भयानक. कागदावर पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही.

९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि कर्जतहून येणारी लोकल एकमेकींजवळून गेल्या, तेव्हा दारात लटकणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. दोन दिवस सगळीकडे तीच बातमी होती, आणि ते योग्यच होतं. पण सरासरीने वर्षाच्या प्रत्येक दिवशी सात जण जातात, आणि ती बातमी होत नाही.

दारात लटकायला कुणालाच आवडत नाही. तिथे का लटकतात, याचं उत्तरही आकड्यांतच आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. उल्हासनगर पाच लाखांच्या पुढे, अंबरनाथ अडीच लाखांच्या पुढे. म्हणजे २०११ मध्येच ही तीन शहरं मिळून सव्वानऊ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर उठलेल्या टोलेजंग इमारती मांजर्लीपासून कात्रपपर्यंत कुणालाही दिसतात. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस अंबरनाथला येतो, तिथे परवडेना म्हणून बदलापूरला, मग वांगणीला, नेरळला. आणि कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने मार्ग दोनच, एक जाणारा आणि एक येणारा. लोकल, पुण्याच्या एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळं त्या दोनांवर. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. लांबी सुमारे १४ किलोमीटर, बोगदा एकही नाही. २०२५ संपेपर्यंत त्यावरून गाडी धावलेली नव्हती. बोरघाटाचे पंचवीस बोगदे पहार आणि दारूने सात-आठ वर्षांत झाले. तेव्हा माणसं स्वस्त होती म्हणून घाई चालली. आज जी दिरंगाई चालते, तिचाही खर्च माणसंच भरतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला जे झालं तेही याच गणितातलं. साध्या लोकलच्या वेळेला एसी लोकल आली. गाडी उत्तम, दारं आपोआप बंद होणारी, म्हणजे पडून मरण्याचा प्रश्नच नाही. तंत्र म्हणून तिला नावं ठेवायला जागा नव्हती. पण पासाची किंमत कित्येक पट, आणि आधीच्या गाडीची माणसं कमी झालेली नव्हती. ती सगळी पुढच्या साध्या लोकलवर चढली. एका गाडीची दारं बंद झाली आणि मागच्या गाडीच्या दारात दुप्पट लटकले. प्रवासी स्टेशनमास्तरच्या ऑफिसवर धडकले, कळव्यालाही निदर्शनं झाली, आणि मध्य रेल्वेने नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्यावर काहींनी "या लोकांना सुधारणा नको असते" असं म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. त्या प्रवाशांना बंद दारं हवीच होती. ती सगळ्यांना पुरतील इतकी हवी होती.

वेग आणि शरीर यांच्यातलं अंतर किती आहे, हे बदलापूरच्या पुढच्याच स्टेशनाने एकदा दाखवलं. १७ एप्रिल २०२१, वांगणी. अंध आईचा हात धरून चाललेलं सहा वर्षांचं मूल फलाटावरून रुळावर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून गाडीच्याच दिशेने धावले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः वर चढले. गाडी लगेच मागून गेली. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपये दिले, त्यातले निम्मे त्यांनी त्या मायलेकरांना दिले. कोट्यवधींचं तंत्रज्ञान आणि शंभर नियमावल्या जिथे पोचत नाहीत, तिथे एक कर्मचारी आपल्या दोन पायांनी पोचला. हे मी अभिमानाने सांगतो, आणि चिंतेनेही, कारण रोज सात ठिकाणी मयूर शेळके उभे नसतात.

गेलेल्याची किंमतही ठरलेली आहे. गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून आठ लाख रुपये. २०१७ च्या आधी ती रक्कम चार लाख होती. खिशात पास सापडला नाही तर वर्षानुवर्षं घरच्यांना सिद्ध करत बसावं लागे, की आपला माणूस प्रवासी होता. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. पण रूळ ओलांडताना जो गेला, त्याला सहसा काही मिळत नाही. कायद्याच्या लेखी तो अतिक्रमण करणारा, म्हणजे गुन्हेगार. मग पूल फर्लांगभर लांब असो, जिना बंद असो, की दोन मिनिटांनी सुटणारी गाडी गाठली नाही तर अर्धा दिवस पगार कापला जाणार असो.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात देशभर रूळ ओलांडताना वर्षाला १५,००० माणसं मरतात आणि त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा अंदाज दिला होता. सुसंस्कृत समाजाने सहन करू नये अशी ही कत्तल आहे, असं त्या समितीचं म्हणणं. अणुशास्त्रज्ञाने मोजूनमापून वापरलेला शब्द होता तो. रेल्वे पोलिसांचे आकडे याहून कमी असत, पण तेही हजारांतच.

आणि हे आकडे खाली येऊ शकतात. मुंबईच्या लोकल मार्गांवर सगळ्या कारणांनी मिळून गेलेले घेऊ. २०१९ मध्ये २,६९१. २०२० मध्ये लोकल कित्येक महिने सर्वसामान्यांसाठी बंद होती, ते वर्ष मोजायला नको. २०२३ मध्ये २,५९०. २०२४ मध्ये २,४६८. आपोआप काहीच कमी झालं नाही. समीर झवेरी यांच्यासारखी माणसं, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय रेल्वे अपघातात गेले, माहिती अधिकारात वर्षानुवर्षं हे आकडे बाहेर काढत राहिली, न्यायालयात जात राहिली, म्हणून स्टेशनांवर रुग्णवाहिका आल्या, उपचाराच्या खोल्या आल्या, फलाट उंच झाले. रुळांच्या मधे कुंपणं आणि वरून पूल आले. यातलं एकही तंत्र नवं नाही. कुंपण, जिना आणि फलाटाची उंची यांना कुणी क्रांती म्हणत नाही, त्यांचं उद्घाटन मोठ्या नेत्याच्या हस्ते होत नाही.

२,५९० वजा २,४६८ म्हणजे १२२. आदल्या वर्षाच्या मानाने २०२४ मध्ये १२२ माणसं कमी मेली. ती कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही. त्यातली दोन-चार बदलापूरचीही असतील. ती रोजच्यासारखी गाडीतून उतरली आणि भाजी घेऊन घरी गेली. या वर्षी तो आकडा १२२ चा ५०० करायचा असेल तर कुंपण कुठे हवं आणि जिना कुठे हवा, हे कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनमास्तरला आणि गँगमनला आज विचारलं तरी ते सांगतील.